ओपनहायमर यांचे वाळवंट

१९४५ सालच्या सप्टेंबर महिन्यात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील एका उजाड मैदानात मोटारींचा ताफा येऊन थांबला. जपानने शरणागती पत्करून फार दिवस झाले नव्हते. मोटारींतून लष्करी अधिकारी, शास्त्रज्ञ आणि वृत्तपत्रांचे प्रतिनिधी उतरले. पुढे जाण्यापूर्वी प्रत्येकाच्या बुटांवर पांढऱ्या कापडाचे जोडे चढवण्यात आले. पायाखालची जमीन ठिकठिकाणी हिरवट काचेसारखी झाली होती. मैदानाच्या मध्यभागी तीस मीटर उंचीचा पोलादी मनोरा उभा होता. आता तेथे काँक्रीटच्या पायाचे तुकडे आणि त्यातून बाहेर आलेल्या वाकड्या सळ्या एवढेच उरले होते. त्या अवशेषांकडे पाहत उभ्या असलेल्या दोघांचे छायाचित्र पुढे जगभर पोहोचले. त्यांतील धिप्पाड गृहस्थ म्हणजे जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज. त्यांच्या शेजारी चपटी हॅट घातलेले, काठीसारखे कृश असलेले डॉ. ज्युलियस रॉबर्ट ओपनहायमर.

ही भेट केवळ कुतूहलापोटी आखलेली नव्हती. अंगावर जखम नसलेली माणसेही हिरोशिमा आणि नागासाकीत मरत असल्याच्या बातम्या जपानहून येऊ लागल्या होत्या. अमेरिकी लष्कराने त्यांना शत्रूचा प्रचार ठरवले होते. बॉम्ब जिथे पहिल्यांदा फुटला, त्या जागी दोनच महिन्यांत माणसे हिंडू शकतात, हे वार्ताहरांना दाखवायचे होते. या युक्तिवादात एक मोठी फट होती. जपानमधील माणसे आजारी पडत होती ती प्रामुख्याने स्फोटाच्या क्षणी बाहेर पडलेल्या किरणांमुळे. नंतर जमिनीत काय उरले, हा वेगळा प्रश्न होता. शिवाय, जागा निर्धोक असल्याचे दाखवायला आलेल्या पाहुण्यांच्या बुटांवर ती पांढरी आवरणे का होती, याचेही उत्तर द्यावे लागले असते. तेथील धूळ बुटांना चिकटून बाहेर जाऊ नये, यासाठी ती होती. धूळ मात्र त्याआधीच, १६ जुलैच्या पहाटे, वाऱ्यावर स्वार होऊन निघून गेली होती.

ओपनहायमर या प्रदेशात केवळ कामापुरते आलेले शास्त्रज्ञ असते, तर या प्रसंगाला एवढा अर्थ नसता. परंतु त्या वाळवंटाशी आणि त्याला वेढणाऱ्या डोंगरांशी त्यांचे नाते वयाच्या अठराव्या वर्षापासूनचे होते.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १९०४ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील ज्युलियस जर्मनीतून आलेले कापडाचे आयातदार, आई एला चित्रकार. घरात भिंतींवर नामवंत चित्रकारांची चित्रे होती आणि मुलाच्या खोलीत खनिजांचे नमुने. जर्मनीतील आजोबांनी भेट दिलेल्या दगडांच्या छोट्या संग्रहातून हा छंद सुरू झाला. न्यूयॉर्कच्या खनिजविज्ञान मंडळाशी त्याने टंकलिखित पत्रव्यवहार चालवला. पत्र लिहिणारा बारा वर्षांचा आहे, हे न कळल्याने मंडळाने त्याला व्याख्यानाचे निमंत्रण दिले आणि व्यासपीठावर त्याला उभे राहण्यासाठी लाकडी खोके शोधावे लागले. पुढे १९२१ मध्ये युरोपात गेला असताना तो नमुने गोळा करायला बोहेमियातील योआखिमस्थाल येथील जुन्या खाणींत उतरला. युरेनियमच्या खनिजासाठी प्रसिद्ध असलेल्या याच गावाच्या मालातून क्युरी दांपत्याने रेडियम वेगळे केले होते. तेथून तो आमांश घेऊनच परतला आणि त्या आजारपणात त्याचे महाविद्यालयात जाणे एक वर्ष लांबले.

प्रकृती सुधारावी म्हणून १९२२ च्या उन्हाळ्यात हर्बर्ट स्मिथ या शिक्षकाबरोबर वडिलांनी त्याला न्यू मेक्सिकोत पाठवले. शहरात वाढलेला, अशक्त, एकलकोंडा मुलगा तेथे घोड्यावर बसायला शिकला. लॉस पिनोस या पाहुण्यांच्या रँचवर कॅथरिन चावेस पेज यांनी त्याला डोंगरवाटा दाखवल्या. दिवसचे दिवस खोगिरावर काढणे, रात्री उघड्यावर झोपणे, वादळात सापडणे यांत त्याला असा काही आनंद गवसला की तो आयुष्यभर टिकला.

पुढच्या शैक्षणिक वाटचालीबद्दल फार सांगायला नको. हार्वर्डचा अभ्यासक्रम तीन वर्षांत संपवून ते केंब्रिजला गेले. प्रयोगशाळेत हात चालेना, मनही ढासळले. सैद्धांतिक भौतिकीकडे वळून गॉटिंगेन येथे माक्स बोर्न यांच्या मार्गदर्शनाखाली १९२७ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. रेणूंच्या गणितातील त्यांचे आणि बोर्न यांचे सूत्र आजही विद्यार्थी शिकतात. १९२९ पासून ते बर्कली आणि कॅलटेक या दोन ठिकाणी शिकवू लागले आणि पुंजभौतिकीचे अमेरिकेतील सर्वांत नावाजलेले विद्यापीठ एका अर्थी या माणसाभोवतीच उभे राहिले. हार्टलँड स्नायडर या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी लिहिलेला, विझलेला प्रचंड तारा स्वतःच्याच भाराखाली कोसळत जातो असे मांडणारा निबंध १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्धाला तोंड फुटले त्याच दिवशी, प्रसिद्ध झाला. ज्यांना आपण आज कृष्णविवरे म्हणतो, त्यांचा हा पहिला ठोस हिशेब होता. युद्धाच्या गदारोळात त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही आणि ते स्वतःही या विषयाकडे परतले नाहीत.

या वर्षांत प्रत्येक उन्हाळ्यात मात्र ते न्यू मेक्सिकोत असत. सांग्रे दे क्रिस्तो पर्वतरांगेत, तीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर, लाकडी ओंडक्यांचे एक साधे घर आणि सभोवतालची कुरणे त्यांनी आणि धाकटा भाऊ फ्रँक याने भाड्याने घेतली. घर मिळते आहे हे कळताच रॉबर्ट यांच्या तोंडून इंग्रजीत जो हर्षोद्गार बाहेर पडला, त्याचेच शब्दशः स्पॅनिश रूप करून घराला 'पेरो कालिएन्ते', म्हणजे गरम कुत्रा, असे नाव पडले. भौतिकी आणि हे वाळवंट या आपल्या दोन आवडी एकत्र आणता येत नाहीत, अशी खंत त्यांनी एका मैत्रिणीला कळवली होती. पुढे त्या एकत्र आल्या, आणि त्या आणल्या त्यांनीच.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट याच काळातली. १९३३ च्या सुमारास बर्कलीतील संस्कृतचे प्राध्यापक आर्थर रायडर यांच्याकडे ते संस्कृत शिकू लागले. भगवद्गीता त्यांनी मुळातून वाचली आणि तिची प्रत हाताशी ठेवली. भर्तृहरीची शतके त्यांना रायडर यांच्या इंग्रजी भाषांतरांतून पाठ होती. एप्रिल १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांचे निधन झाले, तेव्हा प्रयोगशाळेतील शोकसभेत त्यांनी गीतेतील श्रद्धेविषयीचा श्लोक सांगितला. त्यांच्या दृष्टीने गीता हा मुख्यतः कर्तव्याचा ग्रंथ होता: आपल्या वाट्याला आलेले काम करावे आणि त्याच्या फळाचा निवाडा दुसऱ्यांवर सोडावा. हा अर्थ पुरेसा आहे का, यावर आपल्याकडे टिळकांपासून विनोबांपर्यंत बरीच चर्चा झाली आहे. अमेरिकेतील एका प्रयोगशाळेच्या संचालकाला तो पुरेसा वाटला.

संचालकपद त्यांच्याकडे आले ते ग्रोव्ह्ज यांच्यामुळे. ऑक्टोबर १९४२ मध्ये दोघांची बर्कलीत भेट झाली. ओपनहायमर यांना नोबेल पारितोषिक नव्हते, मोठी संस्था चालवण्याचा अनुभव नव्हता. पत्नी किटी, भाऊ आणि अनेक मित्र कम्युनिस्ट पक्षात वावरलेले होते. तरीही या जनरलने त्यांची निवड केली, आणि ती अचूक ठरली. प्रयोगशाळा कोठे उभारायची, हा प्रश्न निघाला तेव्हा ओपनहायमर यांनी आपल्या ओळखीचा मुलूख पुढे केला. एका दरीची पाहणी करून ती नापसंत झाल्यावर लॉस अलामॉस या पठारावरील मुलांच्या निवासी शाळेकडे त्यांनीच मोटारी वळवल्या. शाळा बंद झाली. आसपासच्या पठारावर जमिनी कसणाऱ्या स्पॅनिशभाषक कुटुंबांनाही उठावे लागले. १९४३ च्या वसंतात काम सुरू झाले.

चाचणीची गरज निर्माण झाली ती प्लुटोनियममुळे. युरेनियमचा बॉम्ब तोफेच्या धर्तीवर, एक तुकडा दुसऱ्यावर आदळवून, फुटणार याची शास्त्रज्ञांना खात्री होती. तो चाचणीशिवायच हिरोशिमावर टाकण्यात आला. पण १९४४ मध्ये एमिलिओ सेग्रे यांच्या मोजमापांतून दिसले की अणुभट्टीत तयार झालेल्या प्लुटोनियमचे अणू आपणहून इतक्या वेगाने फुटतात, की तोफेच्या नळीत तुकडे एकत्र येण्याआधीच सारा डाव फिसकटेल. मग दुसरा मार्ग उरला: प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती स्फोटकांचे कवच रचायचे आणि सर्व बाजूंनी एकाच क्षणी स्फोट घडवून गोळा आत दाबायचा. हे साधेल की नाही, हे कागदावर सांगता येत नव्हते.

जागा शोधण्याचे काम केनेथ बेनब्रिज यांच्याकडे होते. मे १९४४ मधील तीन दिवसांच्या एका पाहणीला ओपनहायमर स्वतः लष्करी ट्रकमधून गेले. कुंद, थंड हवेत, खराब रस्त्यांवरचा तो प्रवास त्यांना सुटीसारखा वाटला असावा. प्रयोगशाळेतून त्यांना अशी उसंत क्वचितच मिळे. अखेरीस लॉस अलामॉसच्या दक्षिणेस सुमारे ३४० किलोमीटरवर, होर्नाडा देल मुएर्तो या मैदानात जागा ठरली. स्पॅनिश वाटसरूंनी ठेवलेल्या या नावाचा अर्थ मृत माणसाची वाट, असा काहीसा होतो. हवाई दलाच्या बॉम्बफेकीच्या सरावासाठी तेथील रँचवाल्यांना १९४२ मध्येच हलवण्यात आले होते. मॅक्डॉनल्ड कुटुंबाच्या रिकाम्या घरात पुढे प्लुटोनियमचा गाभा जुळवला गेला. चाचणीला 'ट्रिनिटी' हे सांकेतिक नाव ओपनहायमर यांनी दिले. जॉन डन या कवीच्या ओळी तेव्हा आपल्या मनात होत्या, एवढेच स्पष्टीकरण त्यांनी बऱ्याच वर्षांनी ग्रोव्ह्ज यांना दिले.

त्या तळावरचे जीवन खडतर होते. विहिरींच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण इतके, की अंघोळीनंतर केस ताठ होत. विंचू आणि साप नित्याचेच. मे महिन्यात सरावाला निघालेल्या अमेरिकी विमानांनी चुकून दोनदा याच तळावर बॉम्ब टाकले. सुदैवाने कोणी दगावले नाही. बॉम्ब फसलाच तर महागडे प्लुटोनियम वाया जाऊ नये म्हणून दोनशेहून अधिक टनांचे 'जम्बो' नावाचे पोलादी पिंप बनवून आणले गेले. ते वापरायचे नाही, असे शेवटी ठरले. मग ते मनोऱ्यापासून सुमारे सातशे मीटरवर नुसतेच टांगून ठेवण्यात आले, आणि स्फोटातून वाचले.

जुलैच्या मध्यापर्यंत ओपनहायमर यांचे वजन जेमतेम ५२ किलोंवर आले होते. कांजिण्यांतून उठून ते कामावर आले होते, आणि सिगारेट हातातून सुटत नव्हती. चाचणीच्या दोन दिवस आधी स्फोटकांच्या नकली रचनेचा प्रयोग फसल्याची बातमी आली आणि स्फोटकांचे प्रमुख जॉर्ज किस्तियाकोव्स्की यांना सर्वांची बोलणी खावी लागली. बॉम्ब चालेल, असे सांगत त्यांनी आपला एक महिन्याचा पगार ओपनहायमर यांच्या दहा डॉलरविरुद्ध पणाला लावला. दुसऱ्या दिवशी हान्स बेथे यांनी गणित तपासून त्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नसल्याचे कळवले. स्फोट किती टनांचा होईल यावरही शास्त्रज्ञांमध्ये पैज लागली होती. ओपनहायमर यांनी अवघा ३०० टनांचा आकडा घेतला होता. या तणावाच्या तासांत त्यांनी व्हॅनेव्हार बुश यांना भर्तृहरीचा एक श्लोक रायडर यांच्या भाषांतरात म्हणून दाखवला. रणात, वनात, सर्व संकटांत माणसाचे पूर्वीचे पुण्यच त्याचे रक्षण करते, असा त्याचा आशय. नीतिशतक वामन पंडितांच्या समश्लोकीतून पाठ केलेल्या मराठी पिढ्यांना तो श्लोक नवा नसेल.

१५ जुलैच्या रात्री वादळ झाले. विजा चमकत असताना मनोऱ्याच्या टोकाला, बॉम्बशेजारी, डोनाल्ड हॉर्निग नावाचा तरुण शास्त्रज्ञ पहाऱ्याला बसला होता. त्याला तेथे ओपनहायमर यांनीच पाठवले होते. पहाटे चारची वेळ पुढे ढकलावी लागली. पाऊस पडला तर किरणोत्सर्गी धूळ जवळच खाली येईल, ही चिंता होती. साडेपाचची वेळ नक्की झाली.

दक्षिणेकडील, सुमारे नऊ किलोमीटरवरच्या नियंत्रण कक्षात ओपनहायमर एका खांबाला धरून, श्वास रोखून उभे होते, अशी नोंद जनरल फॅरेल यांनी केली आहे. भाऊ फ्रँक यांच्या आठवणीत मात्र दोघे भाऊ बाहेर जमिनीवर पालथे पडले होते. इतक्या डोळ्यांनी पाहिलेल्या क्षणाबद्दलही एकवाक्यता नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गीतेतील विश्वरूपदर्शनाचा संदर्भ तर या क्षणाला कायमचा चिकटला आहे. ओपनहायमर यांनी तेथे उभे राहून श्लोक म्हटला, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः ही आठवण त्यांनी नंतरच्या वर्षांत सांगितली आणि १९६५ च्या दूरचित्रवाणी मुलाखतीमुळे ती घरोघर पोहोचली. बॉम्ब चालला, एवढेच आपण दोघे बोललो असावे, असे फ्रँक यांना आठवत होते. पैजेचे दहा डॉलर किस्तियाकोव्स्कींनी तिथल्या तिथे मागितले. ओपनहायमर यांचे पाकीट रिकामे निघाले.

पैजेतील ३०० टनांच्या जागी स्फोट निघाला वीस हजार टनांच्या वरचा. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या फेरमोजणीत तो सुमारे २४,८०० टन टीएनटीएवढा ठरला. मनोरा वाफ होऊन गेला. अग्निगोलाने वर ओढलेली वाळू वितळून थेंबाथेंबाने खाली पडली आणि तिचीच हिरवी काच झाली. तिला ट्रिनिटाइट म्हणतात. उरलेली धूळ ढगाबरोबर दहा किलोमीटरहून उंच गेली आणि मुख्यतः ईशान्येकडे सरकू लागली.

नकाशावर रिकामा दिसणारा तो मुलूख रिकामा नव्हता. मनोऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर रँच होते, त्यापलीकडे गावे होती. त्या भागात विहिरी दुर्मीळ; लोक छपरावरचे पावसाचे पाणी हौदात साठवून पीत, घरची गाय दोहत, परसातला भाजीपाला खात. त्या दिवशी आणि नंतर कित्येक दिवस राखेसारखी पांढरी भुकटी छपरांवर, गवतावर, कपड्यांवर पडत राहिली. वेळ पडल्यास लोकांना हलवण्यासाठी सैनिक आणि ट्रक सज्ज होते. एकाही कुटुंबाला हलवण्यात आले नाही. आलामोगोर्डो तळावरचे दारूगोळ्याचे कोठार उडाले, असे निवेदन वृत्तपत्रांना देण्यात आले. काही आठवड्यांत गुरांच्या पाठीवरचे केस झडले आणि पांढरे उगवले. लष्कराने त्यांतील काही गुरे विकत घेतली. माणसांची चौकशी झाली नाही. दोन हजार किलोमीटर दूर, इंडियाना राज्यातील एका नदीच्या पाण्यावर तयार झालेल्या पुठ्ठ्यामुळे कोडॅक कंपनीची फिल्म खराब झाली आणि कंपनीच्या शास्त्रज्ञाने तो डाग अणुस्फोटापर्यंत नेऊन भिडवला. वैद्यकीय प्रमुख स्टॅफर्ड वॉरन यांनी चाचणीनंतर पाचच दिवसांत ग्रोव्ह्ज यांना कळवले, की ही जागा अशा चाचणीसाठी फार लहान आहे. भोवती दीडशे मैलांपर्यंत वस्ती नसावी.

सप्टेंबरच्या त्या भेटीत वार्ताहरांना जे दाखवले गेले, ते सुमारे दीड मीटर खोल आणि ऐंशी मीटर रुंद असा बशीसारखा खळगा होता. वॉरन यांचा अहवाल ग्रोव्ह्ज यांच्या कार्यालयात सात आठवडे पडून होता.

ऑक्टोबरमध्ये ओपनहायमर यांनी संचालकपद सोडले. त्याच महिन्यात अध्यक्ष ट्रूमन यांची भेट झाली, तेव्हा आपले हात रक्ताने माखल्यासारखे वाटतात असे ते बोलून गेले आणि अध्यक्षांचा रोष ओढवून बसले. १९४७ मध्ये ते प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीचे संचालक झाले. आइन्स्टाइन तेथेच होते. अणुऊर्जा आयोगाच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष या नात्याने १९४९ मध्ये त्यांनी हायड्रोजन बॉम्बच्या तातडीच्या कार्यक्रमाला विरोध केला. हा विरोध त्यांना भोवला. आयोगाचे प्रमुख लुईस स्ट्रॉस यांचे वैर, एडवर्ड टेलर यांची प्रतिकूल साक्ष, तरुणपणीच्या डाव्या मैत्री आणि हाकॉन शेव्हालिए या मित्राविषयी सुरक्षा अधिकाऱ्यांना सांगितलेल्या खोट्या हकिकती, हे सारे एप्रिल १९५४ मध्ये सुरू झालेल्या सुनावणीत एकत्र आले. त्यांच्या वकिलांना अनेक कागदपत्रे पाहूही दिली गेली नाहीत. २९ जून १९५४ रोजी आयोगाने चार विरुद्ध एक मताने त्यांची सुरक्षा परवानगी नाकारली. ज्या गुपितांना त्यांनी जन्म दिला, ती त्यांनाच पाहता येणार नव्हती. १९६३ मध्ये त्यांना फर्मी पुरस्कार मिळाला. परवानगी मिळाली नाही. घशाच्या कर्करोगाने १८ फेब्रुवारी १९६७ रोजी प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. वय ६२. रक्षा न्यू मेक्सिकोत नेण्यात आली नाही; व्हर्जिन बेटांतील सेंट जॉन येथे, त्यांच्या घराजवळच्या समुद्रात ती सोडण्यात आली.

१९५४ चा तो निर्णय अमेरिकी सरकारने १६ डिसेंबर २०२२ रोजी रद्दबातल ठरवला. सुनावणीची प्रक्रिया सदोष होती, अशी कबुली दिली. मैदानाभोवतीच्या लोकांना याहून अधिक थांबावे लागले. अणुचाचण्यांच्या धुळीने आजारी पडलेल्यांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये झाला. नेवाडातील चाचण्यांचा त्रास झालेले त्यात आले, पण पहिल्याच चाचणीच्या शेजारचे न्यू मेक्सिकोवासी वगळले गेले. त्यांचा समावेश झाला तो जुलै २०२५ मध्ये, चाचणीला ऐंशी वर्षे होत असताना. त्या पहाटे जी मुले होती, त्यांतील बहुतेक तोवर हयात नव्हती.

क्षेपणास्त्रांच्या चाचणीक्षेत्रात असलेली ती जागा १९५३ पासून वर्षातील मोजक्या दिवशी लोकांना पाहू दिली जाते. खळगा बुजवला गेला आहे, बहुतेक काच गोळा करून पुरली आहे. उरलेला तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. तासाभराच्या भेटीत शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी, त्यामुळे बुटांवर आवरण घालावे लागत नाही. प्रवेशाजवळ 'जम्बो'चे पिंप आडवे पडले आहे. मुले त्याच्या आतून पळत जातात. मनोऱ्याच्या जागी १९६५ मध्ये लाव्हाच्या काळ्या दगडांचा स्तंभ उभारण्यात आला. त्यावरील पाटीवर जगातील पहिले अण्वस्त्र येथे फुटल्याची तारीख आहे आणि खाली स्तंभ उभारला तेव्हाच्या लष्करी प्रमुखाचे नाव. ओपनहायमर यांचे नाव तिथे नाही.